त्याला पुण्याला पाठवलं तर मोबाईल सुटेल का?

*पत्र लिहिणाऱ्या ताई उत्तर पुणे जिल्ह्यात, गावठाणापासून लांब मळ्यात राहतात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). घरची बागायती शेती, चार गाई. मुलगा १५ वर्षांचा, जूनमध्ये दहावीत जाईल. धाकटी मुलगी आठवीत. मुलगा शाळेतून आला की मोबाईल, जेवताना मोबाईल, रात्री एक-दीडपर्यंत गोधडीत मोबाईल. गेम, रील्स, आणि बैलगाडा शर्यतींच्या व्हिडिओंना गाणी लावून टाकणं. नववीत मार्क घसरले. गेममध्ये विकत घ्यायच्या 'डायमंड'पायी वडिलांच्या खात्यातून ४,३०० रुपये गेले. त्या दिवशी वडिलांनी मोबाईल दगडावर आपटला. मुलगा दोन दिवस जेवला नाही, 'जिवाचं काहीतरी करून घेईन' म्हणाला. आठवड्याच्या आत नवा मोबाईल घरात आला. आता पुण्याजवळ मोशीला राहणारे दीर म्हणतात, 'पोराला माझ्याकडे पाठवा, इथल्या शाळेत घालू, क्लास लावू, आपोआप वळणावर येईल.' दीर चाकणला कंपनीत आहेत, जाऊबाईही नोकरी करतात. वडिलांची तयारी आहे. ताई विचारतात, 'व्यसनच लागलंय त्याला. पाठवू का? शेतात नेत नाही, कसलं काम सांगत नाही, शिकू दे म्हणून सगळं मोकळं ठेवलं, तरी हे असं. मुलीचं तसं काही नाही. ती शहाणी आहे, मोबाईलला हात लावत नाही.'*

ताई,

पुण्याचं नंतर बोलू. जिवाबद्दलचं ते वाक्य तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलं आहे, आधी तिथे थांबू.

रागात मुलं बोलतात ते सगळंच खरं नसतं. पण खरं कुठलं आणि रागातलं कुठलं, हे बाहेरून कोणालाच कळत नाही. म्हणून 'नाटकं करतो' म्हणून सोडून देऊ नका, आणि घाबरून मागेल ते हातातही ठेवू नका. तो शांत असेल, आजूबाजूला कोणी नसेल, तेव्हा सरळ विचारा, "त्या दिवशी तू तसं म्हणालास. अजून येतं का रे तसं मनात?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो असं पुष्कळांना वाटतं, तसं होत नाही. कोणीतरी विचारलं याचंच मुलांना बरं वाटतं. तो 'येतं' म्हणाला, किंवा बोलणं-खाणं तोडून बसला, तर वाट बघू नका. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे. चोवीस तास चालू, मोफत, मराठीतही बोलता येतं, आणि मुलाच्या काळजीने आईने केलेला फोनही चालतो. दुसरं, आजच्या आज करायचं. फवारणीची औषधं गोठ्यात फळीवर असतील तर ती कुलपात जाऊ द्या आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा. शेतकऱ्याच्या घरात ही काळजी एरवीही हवीच.

आता पुणे. दर उन्हाळ्यात मला एक ठरलेलं पत्र येतं. कधी वाकडहून, कधी कोथरूडहून. मुलगा मोबाईलमधून मान वर काढत नाही, सुट्टीत गावी आजीकडे पाठवू का, शेतात रमेल, मोबाईल विसरेल. तुम्ही दोघींनी आपापली मुलं बदलून घ्या असं लिहायचा फार मोह होतो. गावातल्या आईला शहर औषध वाटतं आणि शहरातल्या आईला गाव.

दिरांच्या मनात चांगलंच आहे, त्याबद्दल शंका नाही. पण त्या घरातली एक दुपार डोळ्यांसमोर आणा. दीर शिफ्टला, जाऊबाई कामावर. शाळा सुटल्यावर मुलगा किल्लीने दार उघडून आत येणार, आणि क्लासची वेळ होईपर्यंत किंवा दोघं परत येईपर्यंत एकटा बसणार. घरात वायफाय. तुमच्या मळ्यात निदान ढग आले की रेंज जाते, आजी हाक मारते, गाय हंबरते. तिथे मधे येणारं कोणी नाही. त्यात दहावीचं वर्ष, नवी शाळा, त्याच्या बोलण्याला हसणारी चार पोरं, आणि जुने मित्र फक्त मोबाईलमध्ये. ज्या गोष्टीपासून त्याला लांब न्यायचं म्हणता, तिच्याशिवाय त्याला दुसरं कोणी उरणार नाही. आणि 'मी नकोसा झालो म्हणून मला हाकललं' हे त्याच्या मनात राहील ते निराळंच. मी असते तर यंदा पाठवलं नसतं. दहावीनंतर त्याला स्वतःला पुण्यात शिकायचं असेल तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा तो शिक्षणासाठी जाईल, शिक्षा म्हणून नाही.

मग व्यसन आहे की नाही? जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे, तिच्यात गेम खेळण्याशी संबंधित विकार आहे. स्मार्टफोनचं व्यसन असा आजार त्या यादीत नाही. गेमच्या विकारासाठी तीन गोष्टी बघतात. कधी सुरू करायचं आणि कधी थांबायचं यावर ताबा राहत नाही. बाकीच्या आवडी, जेवणखाण, माणसं, सगळं गेमच्या मागे पडत जातं. आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं, वाढतं. हे साधारण वर्षभर चाललेलं असावं आणि शाळा, घर, नाती यांत त्याने ठळक पडझड झालेली असावी, तेव्हा डॉक्टर तसं निदान करतात. तुमच्या मुलाबद्दल पत्रावरून मी निदान करणार नाही. पण तो रोज शाळेत जातो, यात्रेला मित्रांबरोबर घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, जाऊन शर्यती बघतो, तिथून चित्रीकरण करून आणतो, हे तुमच्याच पत्रात आहे. म्हणजे त्याचं जग अजून मोबाईलएवढं झालेलं नाही. झोप मात्र बिघडली आहे, आणि पैशांचं जे झालं ते वाईट झालं. या दोन गोष्टींना हात घालता येतो.

तुम्ही 'दिवसभर मोबाईल' म्हणता त्यात तीन निरनिराळी कामं आहेत, आणि तिन्हींना एकच नियम लावला की तुमचं भांडण होणार.

बैलगाड्यांचे व्हिडिओ घ्या. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर शर्यती पुन्हा सुरू झाल्या, मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि तुमच्याकडच्या यात्रा-जत्रांच्या घाटांत पुन्हा गर्दी झाली. बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. त्यातला नेमका क्षण पकडायचा, संथ करायचा, गाण्याच्या ठेक्यावर बैलांची उडी बसवायची, गाडामालकाचं नाव खाली टाकायचं. हे बघणं नव्हे, हे काम आहे, आणि पुण्यात लग्नांचे आणि दुकानांच्या जाहिरातींचे व्हिडिओ करणारे लोक यावरच पोट भरतात. त्याला त्यातच पोट भरायला लावा असं मी म्हणत नाही. पण तुम्ही किंवा त्याच्या वडिलांनी त्याचा एक तरी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला आहे का? ज्या कामाला घरात कोणी बघत नाही आणि गावातली शंभर पोरं दाद देतात, त्या कामासाठी मुलगा घराकडे कशाला येईल?

दुसरी गोष्ट गेम. गेममध्ये तो एकटा नसतो, कानात हेडफोन घालून वर्गातल्या तीन-चार पोरांशी बोलत असतो. वस्तीवरच्या मुलाचा तोच कट्टा आहे. 'आम्ही संध्याकाळी मैदानावर खेळायचो' असं वडील त्याला ऐकवत असतील, पण त्यांच्या लहानपणीची संध्याकाळ आता तुमच्या भागात राहिलेली नाही. कुकडी-डिंभ्याच्या कालव्यांचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि उसात बिबट्याने घर केलं. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत दिवेलागणीनंतर पोरांना बाहेर सोडू नका असं वनखातंच सांगतं, आणि बरोबरच सांगतं. मग सहा-साडेसहाला दार लागतं. मित्राचं घर दोन किलोमीटरवर, मधे ऊस. तुम्हीच सांगा, त्या मुलाने रात्री नऊपर्यंत करायचं काय? शहरातले सल्ले देणारे 'मुलांना मैदानी खेळाकडे वळवा' असं लिहून मोकळे होतात. त्यांच्या सोसायटीच्या बागेत बिबट्या येत नाही. (एखाद्या वेळी येतोच, तेव्हा टीव्हीवर दिवसभर बातमी चालते.)

खेळायचं तर ते शाळेतच, उजेडात उरकायला हवं. शाळा सुटल्यावर पाऊण तास मुलांना मैदानावर थांबवायला एखादे सर तयार असतील, आणि वस्तीवरच्या पाच-सहा मुलांना एका गाडीतून अंधाराच्या आत घरी सोडायची पाळी पालकांनी लावून घेतली, तर कबड्डी-व्हॉलीबॉल होऊ शकतं. दूध घालायला डेअरीवर एखादी गाडी रोज जातच असते, तिच्या येण्याच्या वेळेशी ही वेळ जुळते का बघा.

तिसरी गोष्ट रील्स, आणि माझ्या मते खरा घोटाळा इथे आहे. गेमचा डाव संपतो, व्हिडिओ तयार होतो, रील्सना शेवटच नाही. एक संपलं की दुसरं समोर, आणि तुमचं बोट कुठे अर्धा सेकंद जास्त थांबलं ते बघून तिसरं. हे बनवणाऱ्यांनी थांबायची जागाच ठेवलेली नाही. थकलेल्या मेंदूला रात्री साडेअकराला हे सोडवत नाही, मोठ्यांनाही नाही, तर १५ वर्षांच्या पोराला कुठून सोडवणार? या वयात झोप मुळातच उशिरा येते, शरीराचं घड्याळ तसं सरकलेलं असतं, आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. दीड वाजता झोपून सहाला उठणारं मूल साडेचार तासांवर शाळेत जातं. चिडणं, विसरणं, गणित न सुटणं, यातलं किती मोबाईलमुळे आणि किती नुसतं झोप नसल्यामुळे, हे महिनाभर नीट झोपल्याशिवाय कळणार नाही.

एक प्रश्न तुमच्या पत्रात नाही, तो मी विचारते. तुमच्या घरातली ई-पीक पाहणी कोण भरतं? बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढून ॲपमध्ये कोण टाकतं? लाडक्या बहिणीची ई-केवायसी कोणी केली, ओटीपी कोणी वाचून दाखवला? लाईटबिल, गॅसचं बुकिंग, नारायणगावच्या टोमॅटोचा भाव, वडिलांच्या मोबाईलवरचं फोनपे? माझी खात्री आहे, या सगळ्याचं उत्तर एकच आहे. तो प्राथमिक शाळेत होता तेव्हा कोरोनात शाळाच मोबाईलवर आली आणि 'घे, अभ्यास कर' म्हणून आपणच तो हातात दिला. आजही शाळेचा अभ्यास व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतो. ज्या घराचं पान त्याच्या मोबाईलशिवाय हलत नाही, त्या घराने त्याला 'मोबाईल वाईट आहे' असं सांगितलं तर त्याला ते ढोंग वाटणार, आणि वडिलांच्या खात्यातून पैसे गेले त्याचंही मूळ इथेच आहे. पिन त्याला माहीत होता, कारण तो त्यानेच घालून दिला होता.

तुमच्या पत्रातलं आणखी एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'शेतात नेत नाही, कसलं काम सांगत नाही, शिकू दे म्हणून सगळं मोकळं ठेवलं.' यात तुमचं प्रेम आहे, कष्ट आहेत, आपल्यासारखं त्याला राबायला लागू नये ही इच्छा आहे. पण झालं काय, की त्याचे दिवसाचे सहा-सात तास रिकामे झाले. त्या तासांत त्याच्यावाचून कोणाचंच अडत नाही. आणि ही मोकळीक फक्त त्यालाच आहे. मुलगी शाळेतून आल्यावर काय करते, हे तुम्ही लिहिलेलं नाही. भांडी, भाकरी, गोठा, धाकट्या चुलतभावंडांना सांभाळणं, यातलं काही करत असेल असं मी धरून चालते. ती मोबाईलला हात लावत नाही कारण ती शहाणी आहे, की तिच्या हाताला ते मिळतच नाही?

हे तुमच्या एकट्या घरातलं नाही. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीने २०२३ मध्ये देशभरातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांना विचारलं. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो अशा मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. पुढच्या वर्षीच्या पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलामुलींपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात मोबाईल अभ्यासासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे तुमचा मुलगा जगावेगळा नाही. आणि तुमची मुलगी बारावीपर्यंत मोबाईलविना राहील असंही समजू नका. ती वापरेल, मैत्रिणीचा वापरेल, लपून वापरेल. लपून वापरणाऱ्या मुलीला कोणी घाणेरडा मेसेज केला, फोटो मागितला, तर ती तुम्हाला सांगणार नाही, कारण सांगितलं तर आधी 'मोबाईल कुठून आला?' हेच विचारलं जाईल. तिला रोज ठरलेला अर्धा-पाऊण तास उघडपणे मिळू दे, अभ्यासासाठी आणि थोडा नुसत्या गमतीसाठीही. खातं खासगी कसं ठेवायचं, अनोळखी माणसाला ब्लॉक कसं करायचं, हे भाऊ तिला शिकवू शकेल. तुम्हीही शेजारी बसून शिकून घ्या.

मुलाला काम द्या म्हणते तेव्हा शिक्षा म्हणून शेण काढायला लावू नका. खरी जबाबदारी द्या, चुकली तर नुकसान होईल अशी. दुधाचा हिशोब पूर्ण त्याच्याकडे, फॅट किती लागली, भाव काय मिळाला, डेअरीचं बिल जुळतं का. किंवा ठिबकचे व्हॉल्व्ह आणि खतांच्या वेळा. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी उजेडात अर्धा तास. आणि भाकरी-भांड्यांत त्याचाही वाटा असू द्या, म्हणजे बहिणीला अभ्यासाला वेळ मिळेल. सुरुवातीला कुरकुर होईल, आजीचीही होईल. होऊ दे.

आता रात्रीचं. यात मी फार नियम सांगणार नाही, एकच सांगते पण तो पक्का ठेवा. रात्री दहाला घरातले सगळे स्मार्टफोन स्वयंपाकघरात एका जागी चार्जिंगला. सगळे म्हणजे वडिलांचाही. ते म्हणतील, शेतपंपाच्या मोटारीची लाईट रात्रीची असते, मोबाईलवर स्टार्टरचा मेसेज येतो, फोन लागतो. खरं आहे. तो मेसेज ज्या नंबरवर येतो ते सिमकार्ड एका साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला, तो उशाशी राहू दे. सकाळी उठायला घड्याळ घ्या, नाहीतर 'अलार्मसाठी लागतो' म्हणून तिसऱ्या दिवशी मोबाईल परत गोधडीत जाईल. वेळ बांधून देणारी ॲप्स असतात, पालकांना मुलाचा मोबाईल कुलूपबंद करता येतो, हे तुम्हाला कोणीतरी सांगेल. गुगलचं फॅमिली लिंक आहे, ते लहान मुलांना बरं. तुमच्या घरात मात्र ते बसवायला त्यालाच बोलवावं लागेल, आणि ज्याने कुलूप लावलं त्याला ते काढता येतं.

पैशांचं याच आठवड्यात करा. यूपीआयचा पिन वडिलांनी स्वतः बदलायचा, बँकेत जाऊन विचारून का होईना. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल अशी सोय करून घ्या. ४,३०० रुपये त्याने फेडायचे, दुधाच्या हिशोबाच्या कामातून महिन्याला ठरावीक रक्कम वळती करून. मार नाही, टोमणे नाहीत, वहीत नोंद. आणि एकदा नीट विचारून घ्या की ते पैसे फक्त डायमंडला गेले की पैसे लावून खेळायच्या कुठल्या ॲपला. अशा पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला आहे, तरी चोरून चालणारी ॲप्स असतात. तिथे मुलगा अडकला असेल तर गोष्ट जास्त गंभीर आहे. कोणी फसवून पैसे काढले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर तितकी पैसे अडवायची शक्यता कमी.

हे सगळं त्याच्याशी कधी आणि कसं बोलायचं? जेवणाच्या ताटावर नको, काका-मामांसमोर तर नकोच. वडिलांनी सुरुवात केली तर उत्तम, कारण मोबाईल त्यांनी आपटला होता. आपटून काय झालं बघा. आठवड्यात दुसरा घेतला, म्हणजे मुलाला कळलं की न जेवता राहिलं की मोबाईल मिळतो. तुम्ही दोघांनी त्याला ते शिकवायचं ठरवलं नव्हतं, पण शिकला तो तेच. आता वडिलांनी एवढंच म्हणावं, "मोबाईल मी फोडायला नको होता. परत फोडणार नाही, आणि परत रुसून मागितलास तर आणणारही नाही. दहानंतर माझाही स्वयंपाकघरात राहील." मग दोघांचे मोबाईल समोर ठेवा. सेटिंगमध्ये डिजिटल वेलबीइंग म्हणून असतं, कुठल्या ॲपवर किती वेळ गेला ते दाखवतं. आधी वडिलांचा उघडा. बहुतेक तिथेच वातावरण जरा हलकं होईल. त्याने स्वतः ठरवू दे की रील्सला किती आणि व्हिडिओ बनवायला किती. तुम्हाला वाटेल त्यापेक्षा जास्त सांगेल, थोडं ओढून घ्या, पण त्याचा आकडा त्याच्या तोंडून येऊ दे. दहा दिवसांत तो एकदा तरी मोडेल. तेव्हा 'बघ, म्हटलं नव्हतं' हे वाक्य गिळून टाका आणि दुसऱ्या दिवशी रात्री दहाला पुन्हा मोबाईल स्वयंपाकघरात.

एकट्या घराने हे करणं अवघड आहे, कारण दहा वाजता त्याचे मित्र गेममध्ये त्याची वाट बघत असणार. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात झाली, साडेआठपर्यंत सगळ्या गावाचे टीव्ही-मोबाईल बंद, तेवढ्यात पोरं अभ्यासाला बसणार. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने १८ वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीचा ठरावच केला. मला वडगावचं जास्त पटतं. तिथे मोठ्यांनीही खाली ठेवायचा होता, आणि वेळ फक्त दीड तासाची होती. बंदीचा ठराव मोठ्यांना सोडून पोरांनाच लागू होतो, तो पोरं मनाला लावून घेत नाहीत. तुम्हाला भोंगा नको, ग्रामसभा नको. त्याच्या गेममधल्या चार मित्रांच्या आयांना फोन करा, आणि दहाची वेळ पाचही घरांत एकदमच लावा. बाकीच्या चौघीही हीच तक्रार करत असतील. वर्गशिक्षकांनाही भेटा, अभ्यास ग्रुपवर टाकण्याऐवजी वर्गातच वहीत लिहून द्यावा म्हणून. पाच पालक मिळून गेलात तर ऐकतील.

एवढं करून दीड-दोन महिन्यांत झोप सुधारली नाही, शाळा बुडायला लागली, घाटात जाणं आणि व्हिडिओ करणंही सुटलं आणि फक्त गेम नाहीतर रील्स उरले, किंवा मोबाईल काढून घेतला की मारायला धावतो, तर मग डॉक्टर. तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहे का, आधी चौकशी करा. पुण्यात यायची तयारी असेल तर ससूनमध्ये मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, सरकारी दरात. येरवड्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनांवर काम करतं, तिथेही फोन करून विचारता येईल. त्याला 'डोक्याच्या डॉक्टरकडे' म्हणून ओढून नेऊ नका, झोप लागत नाही म्हणून जाऊ या असं सांगा, ते खोटंही नाही. जाताना एका वहीत पंधरा दिवसांच्या नोंदी करून न्या: झोपला किती वाजता, उठला किती वाजता, जेवला का, शाळेत गेला का. डॉक्टरांना त्याचा मोबाईल बघण्यापेक्षा ती वही जास्त उपयोगी पडेल.